शेटे सरांचा घोट

शेटे सर आम्हांला एखादं कोडं घालायचे आणि लगेच तांब्या उचलून पाण्याचा मोठा घोट घ्यायचे. तो गिळायचे मात्र नाहीत. गाल फुगवून, हाताची घडी घालून खुर्चीत बसायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे. आम्ही चुकायला लागलो की त्यांच्या भुवया वर जायच्या. फारच चुकलो की कान लाल व्हायचे. पण तोंड उघडायचं नाही. कोडं सुटलं की खिडकीशी जाऊन तो घोट बाहेरच्या जास्वंदीला घालायचे आणि म्हणायचे, "सुटलं बघा. माझी गरज व्हती का?"

शाळेत सगळ्यात जास्त फुलं त्याच जास्वंदीला यायची. ती देवाला कुणी नेत नसे, ही गोष्ट वेगळी.

हे नव्वदच्या दशकाच्या अखेरचं. नारायणगावापलीकडं, डिंगोऱ्याच्या बाजूला आमचं हायस्कूल होतं. सर विज्ञानाचे. चित्रकलेची जागा रिकामी होती म्हणून तो तासही त्यांच्याच गळ्यात पडलेला. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. सकाळी तरफ शिकवायचे आणि दुपारी तीच तरफ रंगवायला लावायचे. वर, तरफेला बोलता आलं असतं तर ती काय बोलली असती, यावर आम्हांला संवाद लिहायला सांगायचे. माझ्या तरफेनं कमरेची तक्रार केली होती. सरांनी तिला दहापैकी नऊ दिले.

तोंडातल्या पाण्याबद्दल शाळेत नाना तर्क होते. कुणी म्हणे दाढ दुखते, कुणी म्हणे मौनाचं व्रत आहे. शिपाईमामांना पक्की खात्री होती की आत गुटखा आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सरांना नाव विचारलं. सरांनी एक बोट वर केलं, शांतपणे खिडकीशी गेले, पिचकारी मारली, परत आले आणि म्हणाले, "शेटे." साहेबांचा चेहरा बघून हेडमास्तरांना घाम फुटला होता.

माझा चुलतभाऊ त्याच शाळेत शिकलेला. त्याला हे पटायचंच नाही. "शेटे सर गप बसत्यात? मग दुसरं कोणी असंल ते," तो म्हणायचा. त्याच्या वेळचे सर प्रश्न आणि उत्तर एका दमात सांगायचे. 'पाणी तापवलं की काय होतं वाफ होते.' मधे श्वाससुद्धा नाही. मुलांना हात वर करायला सवडच मिळायची नाही. असा माणूस एकाएकी गाल फुगवून का बसायला लागला, ते आम्हांला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारलंही नव्हतं.

मी नववीत असताना पुण्यातल्या एका संस्थेनं शाळांसाठी एक अजब स्पर्धा काढली. पाच मुलांची टोळी करायची. टाकाऊ सामानातून असं यंत्र करायचं की एखादी नाजूक वस्तू हात न लावता रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली पाहिजे. आणि नुसती जाऊन चालणार नाही, तिच्या जाण्याचं नाटक झालं पाहिजे. सगळ्यात मोठा नियम म्हणजे, मोठ्या माणसानं काही सुचवलं की टोळी बाद.

सरांनी हा नियम दोनदा वाचून दाखवला. एखाद्याला आपल्या गावचा माणूस परगावी भेटावा तसे ते खूष झाले होते.

हेडमास्तर खूष नव्हते. आमची टोळी शनिवारचा शेवटचा तास वापरायची आणि तो त्यांना गणिताला हवा होता. ते म्हणाले, "शेटे, पुण्याहून काहीतरी घेऊन या. हात हलवत आलात तर पुढच्या शनिवारपासून गणित." आमच्यासाठी तो तास म्हणजे आठवड्यातला एकच तास होता, जिथं चुकलं तरी ओरडा बसायचा नाही. तो जाऊ द्यायचा नव्हता.

टोळीत मी, सलमा, पारस आणि आणखी दोघं. सलमाचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. पारसच्या वडिलांचं किराणा दुकान. त्याचे आजोबा राजस्थानातून आलेले. पण पारसइतकं आमच्याकडचं मराठी आमच्यातही कुणी बोलत नसे. नाजूक वस्तू म्हणून सलमा अंडं म्हणाली. "अंडं कुनाचंबी," पारस म्हणाला, "टोमॅटो आपला." मग पिकलेला टोमॅटो ही नवरी ठरली. तिला मुंडावळ्या बांधायच्या आणि नारायणगावच्या बाजारातून मुंबईला सासरी पाठवायची. वाटेत ती चेपली की लग्न मोडलं.

यंत्र असं होतं. दोन बांबू, एक उंच, एक ठेंगणा. त्यांच्यात द्राक्षबागेतली जुनी तार ताणलेली. तारेवर सायकलच्या चाकाची कप्पी आणि कप्पीला टांगलेली टोपली. उंचावरून सोडली की नवरी डौलात खाली यायची. मागं पडदा हवा होता. नारायणगावात तमाशाच्या फडांची ये-जा असते. तिथून पारसनं एका फडाच्या जुन्या कनातीचा तुकडा मिळवला. त्यावर सलमानं घाट रंगवला.

सरावाला आम्ही शाळेमागच्या मैदानात जायचो. दोन खड्डे घेतले, बांबू रोवले, माती ठोकून बसवली. तार अशी ताठ की बोटानं छेडली तर वाजायची. पहिल्या दिवशी ते खड्डे बघून सरांचे कान लाल झाले. नंतर रोजच व्हायचे. आम्हांला वाटलं, ऊन.

पुण्याच्या त्या हॉलमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. रंगमंचावर गुळगुळीत फरशी होती. चकचकीत, तोंड दिसेल अशी. हॉलमध्ये माती नसते, हे आमच्या पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बांबू रोवायचे कुठं?

"सर, आता?" असं म्हणत पारस मागं वळला. सरांनी तोवर बाटली तोंडाला लावलेली होती. गाल टम्म.

आमच्या आधी दोनच शाळा होत्या. सामान आणलेल्या टोमॅटोच्या खोक्यांत आम्ही बांबू उभे केले. तार ओढली की खोकं घसरत यायचं आणि तार झोळीसारखी लोंबायची. मला रडू यायला लागलं. दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक सरांना म्हणाले, "अहो, पोरं रडकुंडीला आलीत. सांगा की काहीतरी. कोण बघतंय?" सरांनी नुसती मान हलवली. त्यांच्या कपाळावरची शीर मला लांबून दिसत होती.

सलमा खोक्यावर बसून होती. तार ओढली तरी तिचं खोकं हललं नाही. तिनं खाली बघितलं, मग आमच्याकडं. "खड्डा नाय तर माणूस रोवू," ती म्हणाली.

"माणूस?"

"वऱ्हाडी हायेत की चार. रस्सीखेचीत कसं मागं रेलतो, तसं रेलायचं."

आमचा नंबर आला. दोन खोक्यांवर दोन-दोन वऱ्हाडी बांबूला मिठी मारून मागं रेललेले आणि मधे मी एकटी, नवरीची करवली. ज्यांनी चालत-नाचत बोलायचं त्यांना जागचं हलता येईना. नाटक तिथल्या तिथं बदलावं लागलं. मी टोपली सोडली. नवरी निघाली, अर्ध्यावर थोडी डुलली आणि थांबली. तेव्हा खालच्या बांबूला लटकलेला पारस ओरडून म्हणाला, "पावणं, आळेफाट्याला गाडी पंक्चर झाली वाटतं. लवकर या, नवरीची वाट बघून वऱ्हाडाचं खांब व्हायला लागल्यात." आणि तो आणखी मागं रेलला. तार ताठ झाली, टोपली हलली आणि नवरी न चेपता सासरी पोचली.

सरांना हसू आवरलं नाही. तो घोट पुढच्या रांगेतल्या परीक्षकांच्या टकलावर गेला.

परीक्षक भले होते. रुमालानं डोकं पुसत त्यांनी आम्हांला विचारलं, "ही वऱ्हाडाची युक्ती कुणी सांगितली?"

"कुनी नाय," सलमा म्हणाली. "सर तोंडात पाणी धरून असत्यात. आता तुमाला कळलंच."

पहिला नंबर आला नाही. ऐनवेळी सुचलेल्या युक्तीचं एक खास बक्षीस मात्र मिळालं, लाकडी फळीवर पितळी पट्टी. शनिवारचा तास वाचला.

परतीच्या एसटीत सर म्हणाले, "खड्ड्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

पारस उसळला. "मग सांगायचं न्हाई का, सर? जीव गेला व्हता आमचा."

"मी काय सांगितलं असतं? खोक्यात वाळू भरा." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माणूस रोवायचं मला सुचलं नसतं."

गावात उतरल्यावर ते म्हणाले, "चला, काकूला बक्षीस दाखवू." आम्ही त्यांच्या घरी आधी कधी गेलो नव्हतो. दारात चपला काढताना ते हळूच बोलले, "दोन वर्षांमागं तिला अर्धांग झालं. चालती आता जरा, पण शब्द सापडत न्हाईत. ती शोधती आणि मला काय धीर न्हाई. ती एक अक्षर म्हणायची, मी सगळं वाक्य म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, शेटे, तुम्ही आयता शब्द हातात दिलात तर त्या शोधायचं सोडून देतील. म्हणून…" त्यांनी दार लोटलं.

काकू खाटेवर बसल्या होत्या. नीटनेटक्या, वेणी घातलेल्या. वेणी जरा वाकडी होती. कुणी घातली असेल ते कळत होतं. त्यांनी पितळी पट्टीवरून बोट फिरवलं, आमच्याकडं बघून हसल्या आणि स्वयंपाकघराकडं हात करून काहीतरी म्हणायला लागल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

सरांनी कोनाड्यातला तांब्या घेतला आणि घोट भरला.

चहा. आम्हां पाचही जणांना कळलं होतं. पारसनं तर तोंड उघडलंसुद्धा. सलमानं त्याला कोपरानं ढोसलं, सरांच्या हातातून तांब्या घेतला आणि वरून तोंडात पाणी ओतलं. मग पारसनं, मग मी. तांब्या सगळ्यांत फिरला. एका खाटेसमोर सहा माणसं गाल फुगवून उभी.

काकूंनी आमच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे हसले. त्यांनी घाई केली नाही. पुन्हा हात केला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं, अगदी स्पष्ट म्हणाल्या, "साखर."

चांगली बातमी आणली की हातावर साखर ठेवायची, ती.

मी आता पुण्यात नोकरी करते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कुणी माझ्यासमोर अडलं की मला अजून आधी पाण्याची बाटली आठवते. ज्यांनी मला गप्प बसायला शिकवलं, ते स्वतः किती बोलके होते हेही आठवतं.

त्या दिवशी सरांनी घोट जास्वंदीला घातला नाही. गिळला. डबा काढून आमच्या हातांवर साखर ठेवली, शेवटची चिमूट काकूंच्या तळहातावर. मग खाटेच्या कडेला बसत त्यांना म्हणाले, "मला चहा वाटला व्हता."

काकूंनी मान हलवली. नाही.