पिल्लांचा गृहप्रवेश

"कोंबडीला अक्कल नसते रे, नाक असतं, नाक!" जयवंतभाऊंनी शेजारच्या श्रीपतला कुंपणावरूनच सुनावलं. "रविवारी संध्याकाळपर्यंत ती पिल्लं खुराड्यात गेली नाहीत, तर नाव बदलीन!"

सकाळी सकाळी हे आपल्याला का ऐकवलं जातंय, ते श्रीपतला कळेना. पण भाऊंना राहवत नव्हतं. प्रश्न पिल्लांचा नव्हताच मुळी. प्रश्न सुनेचा होता.

ऋतिका लग्न होऊन आली त्याला काही महिने झाले होते. विरारला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली पोर, आली ती थेट आगाशीच्या वाडीत, मोगरा नि केळीच्या मधोमध. सासूबाई आशालता काही खाष्ट नव्हत्या हो! पण सुनेनं विळी ओढली की "राहू दे गं, मी करते." गजरे ओवायला बसली की "राहू दे, तुला नाही जमायचं." दिवसभर आपलं राहू दे, राहू दे! त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या, निदान उलटून भांडता तरी येतं. ऋतिका हळूहळू खोलीतच बसायला लागली.

मग एक दिवस तिनं बाजारातून बुटांच्या खोक्यात पिल्लं आणली. दिव्याखाली ऊब दिली, कणी भरवली, नावं ठेवली. पिसं फुटल्यावर मोठ्या हौसेनं अंगणात सोडली. आशालतांची थोरली कोंबडी, जिला सगळे पाटलीण म्हणत, तिनं एकेकाला टोचून टोचून तुळशीमागे पिटाळलं!

"तरी मी सांगत होते, राहू दे म्हणून," आशालता म्हणाल्या.

ऋतिकानं पिल्लं गोळा केली, टोपलीखाली डालली आणि आत निघून गेली. जेवताना तिचा नवरा जितेंद्र ताटात बघत बोलला, "भाऊ, फुलपाड्याला एक फ्लॅट बघितलाय, भाड्यानं. मला ऑफिसला बरं पडेल."

भाऊंनी हातातला घास परत ताटात ठेवला. एकुलता एक मुलगा! तो गेला की एवढ्या घरात आपण दोघं, आणि बोलायला श्रीपत! त्यांच्या मनानं घेतलं की पिल्लं रुजली तर पोरगी रुजेल.

आता त्यांच्या नाकाच्या सिद्धांताला आधार होता. लहानपणी त्यांच्या वडिलांनी एका पोरक्या करडाला दुसऱ्या शेळीचं दूध चोळलं होतं, आणि त्या शेळीनं ते आपलं म्हणून चाटलं होतं. वास एक झाला की घर एक! फक्त कोंबडी दूध देत नाही. म्हणून भाऊ अर्नाळ्याला गेले आणि सुका जवळा घेऊन आले. पिशवीभर!

"कोनाचं लगीन हाय का, भाऊ?" मासळीवालीनं विचारलं.

"लग्न झालंय. टिकवायचंय," भाऊ म्हणाले.

रविवारपर्यंत बादलीत भिजलेल्या त्या जवळ्याला असा काही वास सुटला की मोगऱ्यानं मान टाकावी. आशालता वाडीत फुलं खुडत होत्या, तेवढ्यात भाऊंनी पिल्लांना ते पाणी फासलं, कोंबड्यांना फासलं, आणि शेवटी पाटलिणीला धरलं. ती अशी काही फडफडली की बादली भाऊंच्या डोक्यावरून खाली आली!

कोंबड्यांना नाक आहे की नाही देव जाणे, पण बोक्यांना असतं. कुंपणावरून एक उतरला, केळीतून दुसरा आला, श्रीपतकडचा लंगडासुद्धा धावत आला! वर कावळ्यांची सभा भरली. पिल्लं चारी दिशांना पळाली.

ऋतिका अनवाणी बाहेर आली. पलीकडून आशालता खराटा घेऊन धावल्या.

"ऋतिका, विहिरीकडून ये! त्या काळ्याला सोडू नकोस! हाण!"

भाऊ जवळ्याच्या पाण्यानं निथळत जागच्या जागी थबकले. घरात आल्यापासून सासूनं सुनेला सांगितलेलं हे पहिलं काम होतं. आणि सुनेनं ते काय केलं! पायलीभर मापाचं पातेलं असं वाजवलं, की बोके कुंपण ओलांडून दिसेनासे झाले.

पिल्लं? ती खुराड्यात घुसली होती. भेदरलेल्या कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि पिल्लं त्यांच्या मधोमध. टोचायची शुद्ध होती कुणाला! पाटलिणीच्या पंखाखालून एक इवलीशी मान बाहेर डोकावत होती.

सासूसुना ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"पिशवीत उरलाय तो सुका जवळा कांद्यावर परतून टाक गं," आशालता म्हणाल्या.

"मला येत नाही, आई."

"मग शीक. मी सांगते ना."

जितेंद्रनं दारातून हळूच विचारलं, "फ्लॅटवाल्याला काय कळवू?"

"नाही म्हणून कळव," ऋतिका म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या कुठे ठेवू मी?"

भाऊंना भरून आलं. सिद्धांत जिंकला होता! ते छाती काढून घरात निघाले.

"भाऊ, तिथेच थांबा!"

"अहो, आत पाऊल टाकलंत तर बघा!"

दोघी एका सुरात ओरडल्या. दोन आंघोळी झाल्या, साबण संपला, तरी वास जाईना. भाऊंचं ताट अंगणातच आलं. ते पालथ्या टोपलीवर बसून जेवू लागले, तेव्हा पाटलीण सावकाश बाहेर आली. तिनं मान वाकडी करून या नव्या पाहुण्याला नीट न्याहाळलं, आणि अंगठ्याला कडकडून टोचलं.