तांबेकाकांचं सोडियम

आमच्या सोसायटीत कुणी स्वयंपाकघराचा ओटा नवा बसवला की तांबेकाका न बोलावता हजर. ग्रॅनाइटवर बोटाने टकटक करणार आणि विचारणार, "कंपोझिशन काय?" अहो, लोक रंग बघून दगड घेतात. काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. रिटायर झाले आणि थेट चंद्रावर गेले.

"चंद्राचा काळा दगड दिसायला आपल्या मलंगगडाच्या दगडासारखाच," लिफ्टमध्ये गाठून सांगायचे. "पण काहींत टायटॅनियम भरपूर, पाणी जवळपास नाहीच. आणि सोडियम? चंद्र जन्मताना असा तापला, की बरंचसं उडून गेलं." मी चौथ्या मजल्यावरची, पण तिसऱ्यालाच उतरून जिना चढायचे. शेवटपर्यंत ऐकायच्या त्या फक्त काकू, भाजी निवडता निवडता.

परवा सकाळी काका दारात उभे. "जरा येतेस का? ही मला ओळखत नाहीये."

काकू फ्रिजमध्ये चपला ठेवत होत्या. गाडी काढली आणि माजिवड्याच्या हॉस्पिटलकडे निघालो. शिळफाट्याला ट्रॅफिक तुंबलेलं. मागच्या सीटवर काकू काहीबाही पुटपुटत होत्या. काका त्यांचा हात धरून गप्प. बडबड परवडली असती, पण ते गप्प बसणं नको, असं मला झालं.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, "सोडियम फारच खाली गेलंय. फिट येऊ शकते, कोमातही जाऊ शकतात. जेवणात मीठ असतं ना?"

काका खुर्चीच्या कडेला सरकले. "बीपी आहे म्हणून मी बंद केलं. पूर्ण. लोणचंसुद्धा."

"बीपीच्या गोळीनेही कमी होतं. आता हळूहळूच वाढवावं लागेल. घाई केली तर मेंदूला धोका."

बाहेर काका बाकड्यावर टेकले. "लाखो किलोमीटरवरच्या दगडातलं सोडियम मला पाठ," म्हणाले, "आणि घरातलं कळलं नाही. ही गेली तर माझं कोण ऐकणार गं?" मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुपारी आत सोडलं. काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

मला वाटलं, आता हे नाव सांगतील, लग्नाची आठवण काढतील, तासभर समजावतील. काका एवढंच म्हणाले, "मी इथलाच. थोडा वेळ बसलो तर चालेल ना?"

काकूंनी पाय आवरून घेतले आणि पलंगावर त्यांना जागा करून दिली.