उपरण्याखालचा आकडा

आमचे शेजारी दगडूनाना तोंडाने आकडा सांगत नाहीत. चहात साखर किती म्हणून विचारा, ते खांद्यावरचं उपरणं तुमच्या हातावर टाकतात आणि खालून दोन बोटं दाबतात. घोडेगावच्या बाजारात त्यांनी जन्मभर बैलांची दलाली केली. तिथे भाव असाच ठरतो, चारचौघांना कळू न देता. आता बाजार सुटला, उपरणं सुटलं नाही. "आकडा तोंडातनं निघाला की नासला," हे त्यांचं ठाम मत. आणि उपरण्याखाली जो खोटं दाबेल, तो माणूस त्यांच्या लेखी मेला.

त्यांच्या बायकोचा, सरूकाकूंचा, डावा पाय दोन वर्षं सुजलेला. स्वतःची चप्पल चढेना म्हणून त्या पायात नानांची. शेवटी मी दोघांना गाडीत घालून तिसगावहून नगरला तपासणीसाठी नेलं. खिडकीतल्या कारकुनाने पेशंटचं वय विचारलं. नानांनी आत हात घालून त्याच्या मनगटावर उपरणं टाकलं. त्या बिचाऱ्याने थेट वॉचमनला हाक मारली. मी घाईने वय सांगून टाकलं, तर नाना माझ्यावरच उखडले, "नासवलास आकडा!"

आत काकूंच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यात औषध टोचलं आणि वरून कॅमेरा फिरवला. अंगात साचणारं पाणी माघारी नेणाऱ्या बारीक नळ्या पडद्यावर चमकू लागल्या. उजव्या पायात सरळ रेघा, डाव्यात नुसता पसरलेला धूसर डाग. डॉक्टर समजावणार, तोच नाना म्हणाले, "ह्यो पाट बरा वाहतोय. तिकडची चारी फुटलीय, पानी रानात पसरलंय." डॉक्टरांनी अगदी हेच म्हणून मान डोलावली. मग काय विचारता, नाना पुढच्या पेशंटचाही पाय बघायला निघाले.

काकूंना बाहेर बसवल्यावर मात्र त्यांनी डॉक्टरांच्या हातावर उपरणं टाकलं. "पाच बोटांत किती बरा हुईल? खरं दाबा."

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले आणि त्यांनी दाबलं. रोज पट्टी बांधायची, पाय उशीवर ठेवून निजायचं, हेही सांगितलं. दाराशी नानांनी मला उपरण्याखालून आकडा कळवला. दोन.

बाहेर बाकावर त्यांनी काकूंचा हात उपरण्याखाली घेतला. काकूंचा चेहरा खुलला. "पाच?" नानांनी होकारार्थी मान डोलावली आणि पट्ट्या आणायला गेले.

ते लांब गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "दोनच असतील. चाळीस वर्सांत पयल्यांदा खोटं दाबलं बग, हात लई कापत हुता. तू बोलू नको त्यांना."

नाना परत आले. काकूंनी पट्ट्या किती आणल्या म्हणून विचारलं, आणि आपणच हात पुढे केला.