गळूनही न सरणारं तेल

मेकॅनिक उस्ताद विमानाच्या पोटाखाली उताणे पडले होते आणि विमान त्यांच्या चष्म्यावर तेल टाकत होतं. आधी डाव्या काचेवर एक थेंब, मग अगदी नेम धरल्यासारखा उजव्या काचेवर. "अरे, पुरे की आता!" उस्ताद खेकसले. तेवढ्यात हँगरच्या छपरावर पत्रा कुरकुरला. कुणीतरी वर बूड टेकल्यासारखा. उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवून वर पाहिलं. इंजिनाशी बोलायची सवय त्यांना जुनी होती, पण त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हती.

विमान छोटं, चार माणसांचं. ते मोठ्या कॅप्टनचं. मोठे कॅप्टन हिवाळ्यात गेले, तेही विमानात नव्हे, घरी, झोपेत. मागे राहिल्या वहिनी, स्वतः वैमानिक झालेली त्यांची लेक, जिला सगळे छोटी कॅप्टन म्हणत, आणि हे विमान. कॅप्टन गेले आणि गळती सुरू झाली. लेक एक फेरी मारून यायची, तोवर विमानाचं पोट शेपटीपर्यंत तेलानं माखलेलं असायचं. वहिनींनी ते एकदाच पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"भाऊजी, रविवारपर्यंत गळती सापडली तर ठीक. नाहीतर विमान विकायचं. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. नवरा गेला, आता या डब्यापायी पोरगी गमवायची नाही मला."

छोट्या कॅप्टनचं जेवण सुटलं. बापाची तिच्या हातात राहिलेली ही एवढीच वस्तू होती. आणि उस्तादांचं म्हणाल, तर त्यांचा अर्धा जन्म त्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालण्यात गेला होता. ते विमान दुसऱ्याच्या हँगरमध्ये उभं राहिलेलं त्यांना बघवणार नव्हतं.

त्यांनी सगळे उपाय केले. झाकणांखालची, तेल अडवणारी गॅस्केटं बदलली, नळ्यांचे सांधे आवळले. इंजिन धुऊन, पुसून, त्यावर तान्ह्या बाळासारखी पांढरी पावडर फासली, म्हणजे तेल जिथून झिरपेल तिथे काळा ओघळ दिसेल. इंजिन चालवलं. पावडर जशीच्या तशी पांढरी, आणि पोट तेलानं चिंब!

पण खरी झोप उडवणारी गोष्ट वेगळीच होती. एवढं तेल गळूनही इंजिनातलं तेल कमी होत नव्हतं. उस्ताद संध्याकाळी तेल मोजायची डिपस्टिक घालून बघायचे, सकाळी पुन्हा बघायचे. सकाळी तेल काठोकाठ! गळणारं इंजिन बंद हँगरमध्ये आपोआप भरत होतं.

"तू घातलंस का गं तेल?" त्यांनी छोट्या कॅप्टनला विचारलं.

"मी? छे! तुम्हीच ताकीद दिलीये ना, तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणून."

वॉचमनला विचारलं, तर त्यानं कानाला हात लावले. "नाही हो उस्ताद. पण एक सांगू? दुपारी सामसूम असली की आतून झाकण फिरवल्याचा आवाज येतो. जाऊन बघावं तर कुणी नसतं. मोठ्या कॅप्टनची वेताची खुर्ची तेवढी हलत असते."

"वारा असेल."

"शटर बंद असतं, उस्ताद."

उस्तादांनी शेवटचा उपाय काढला. इंजिनाच्या तेलात त्यांनी चमकणारा रंग मिसळला. हा रंग उजेडात दिसत नाही, धुऊनही सहज जात नाही, पण अंधार करून जांभळा दिवा धरला की हिरवा पेटतो. सकाळीच इंजिन चालवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर खाली ओढलं, खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या आणि ते छोट्या कॅप्टनला घेऊन आत शिरले.

दिवा लागला आणि विमानाच्या पोटावर हिरवा ओढा वाहताना दिसला. उस्ताद उलट दिशेनं त्याचा माग काढत पुढे सरकले. सगळे सांधे काळे, कोरडे. ओढा निघत होता तो इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून.

"अरेच्चा!" उस्ताद म्हणाले. "हे गळत नाहीये, हे ओकतंय! काठोकाठ भरलं की इंजिन वरचं तेल या नळीतून बाहेर टाकतं. कुणीतरी याला दाबून खाऊ घालतंय."

"पण कोण?"

उस्तादांनी दिवा वळवला. तेलाच्या झाकणावर हिरवी बोटं. पंखाच्या आधारावर हिरवी बोटं. भिंतीवर, चाचपडत गेल्यासारखी, बोटंच बोटं. आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर पाच-पाच बोटं अशी उमटलेली, की अंधारात कुणीतरी तिथे ऐसपैस बसलंय.

"काका," छोटी कॅप्टन कुजबुजली, "बाबांच्या खुर्चीत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग बोटं कुणाची?"

तेवढ्यात शटरमधलं छोटं दार उघडून बंद झालं. अंधारात एक हिरवं कपाळ तरंगत आत आलं. त्याला चेहरा नव्हता. त्याच्या शेजारी एक हिरवा कान होता. कपाळ थेट त्यांच्या दिशेनं निघालं. उस्तादांच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की ती त्यांनी पुढे आयुष्यभर छोट्या कॅप्टनच्या नावावर खपवली.

"ओरडताय काय, भाऊजी? मी आहे!" कपाळ म्हणालं. "आणि हे जांभळं काय लावून बसलात?"

किंकाळी ऐकून वॉचमन धावत आला. त्याची अर्धी मिशी हिरवी पेटली होती. उस्तादांनी दिवा छोट्या कॅप्टनवर रोखला. तिच्या नाकाचा शेंडा काजव्यासारखा चमकत होता. डिपस्टिक ओढून बोटानं पुसायची आणि मग तेच बोट कुठेतरी लावायचं, ही खोड सगळ्यांचीच.

"बोला आता," उस्ताद म्हणाले.

"थोडंसंच घालायचे हो सकाळी," छोटी कॅप्टन पुटपुटली. "एवढं गळतंय म्हटल्यावर भीती वाटायची."

"मी पण वाटीभरच," वॉचमननं मिशी झाकली. "संध्याकाळी. पोरीची काळजी वाटते."

सगळे वहिनींकडे बघू लागले. वहिनी तर कधी विमानाच्या सावलीलाही उभ्या राहत नसत.

"बघताय काय?" वहिनी एकदम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "उडू नकोस म्हणते मी, पण ऐकणाराय का ती? उडालीच तर निदान तेल तरी पोटभर असू दे, म्हणून दुपारी येऊन घालते. मग त्या खुर्चीत बसून रडते जरा, कुणाची चाहूल लागली की विमानामागे दडते. झालं समाधान?"

लेकीनं आईला मिठीच मारली, त्यामुळे आईची पाठही हिरवी झाली. रोज निघताना आपणही एक कपभर घालत होतो, पण तेवढ्यानं इंजिन काठोकाठ कसं भरेल, हे उस्तादांनी खाली बघून सांगितलं. चौघंही घाबरून तेल घालत होते, घातलेलं बाहेर पडत होतं, आणि बाहेर पडलेलं बघून चौघं आणखी घाबरत होते.

रविवारी उस्तादांनी तेल मोजून भरलं आणि झाकणाला तारेचं सील ठोकलं. गिऱ्हाइकाला नकार गेला. छोटी कॅप्टन निघाली, तोच वहिनी पदर खोचून पुढे आल्या.

"मी पण येते. खाली राहून जीव टांगणीला लावण्यापेक्षा वर बसून त्या तेलाच्या काट्याकडे बघत राहीन."

विमान एक मोठी चक्कर मारून उतरलं. उस्ताद धावत जाऊन पोटाखाली वाकले. एक थेंब नव्हता.

"कसं काय दिसलं वरून, वहिनी?"

"कुणाला ठाऊक! काट्यावरून नजर काढली असती तर दिसलं असतं." वहिनी हेडफोन काढत लेकीकडे वळल्या. "आणि तू गं, कानाशी सारखी भुणभुण! 'अगं बाहेर बघ, बाहेर बघ.' शेवटी म्हटलं, गप्प बस जरा, काटा बघू दे."

छोटी कॅप्टन पायरीवरच थबकली.

"आई, मी काही बोलले नाही. तुझा हेडफोन बंद आहे. कधीचाच. म्हणून तर मी हातवारे करत होते."

उस्तादांनी हेडफोनची वायर हातात घेतली. ती अजून गुंडाळून बांधलेलीच होती, कशालाच जोडलेली नव्हती.

"आवाज जरा जाडच होता," वहिनी सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, तुला सर्दी झालीये."

"मग? गप्प बस म्हटल्यावर?"

"मग गप्प बसले," वहिनी म्हणाल्या. "ऐकलं माझं. जन्मात पहिल्यांदा."

धावपट्टीवर वारा पडला होता. वहिनींनी तो बंद हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि पायरीवर पाऊल ठेवलं.

"चल गं. अजून एक चक्कर मारू. आता बघते बाहेर."