दोन्ही घे, पण गप्प बस!

कोड लिहावा तर मीच! थोरल्या मेहुणीला मी हे तोंडावर सांगितलं. तिचा दातांचा दवाखाना. पेशंटनी घरबसल्या वेळ घ्यावी, असं एक पान तिला इंटरनेटवर हवं होतं. साडू म्हणाला, "एखाद्या कंपनीला देऊ या." झालं! माझं डोकंच फिरलं.

"घरात मी असताना कंपनी? दोन दिवसांत देतो!"

आता साडूपुढे नाक कापून घ्यायचं नव्हतं.

मी लिहितो पायथनच्या वळणाच्या सुटसुटीत भाषेत. ब्राउझरला कळते फक्त जावास्क्रिप्ट, म्हणून मध्ये दुभाष्यासारखा एक कंपायलर लागतो. शिवाय शहाणा माणूस सगळं स्वतः लिहीत बसत नाही, लोकांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या घेतो. मी दोनच घेतल्या. एक वेळ नोंदवणारी, दुसरी पेशंटला मेसेज पाठवणारी. दोघींनी येताना आपापला गोतावळा आणला! त्यात कॅलेंडरची एक लायब्ररी दोघींनाही हवी. पण एकीला जुनी आवृत्ती, दुसरीला नवी! एक दिली की दुसरी रुसायची आणि कंपायलर अडून बसायचा. तीन तास हाच तमाशा.

बायको मागून म्हणाली, "अहो, तो काय विचारतोय ते वाचा तरी."

"त्याला काय अक्कल आहे?" मी ओरडलो, आणि सेटिंगमध्ये ठोकून दिलं: दोन्ही घे, पण गप्प बस! अकरा पिवळ्या सूचना आल्या. पिवळ्या सूचना मी वाचत नाही. लाल असत्या तर गोष्ट वेगळी.

पान सुरू झालं. मेहुणी खूश, मी साडूपुढे ताठ.

रविवारी सकाळी आठला तिचा फोन आला. आवाज अगदी शांत. ती शांत बोलली की समजावं.

"भाऊजी, जिन्यात एकोणीस पेशंट बसलेत."

"वा ताई! बघा, चाललं की नाही पान?"

"आज सुट्टी आहे. सगळ्यांनी सोमवार निवडला होता. मेसेज गेला रविवारचा. गाल सुजलेल्या माणसांना परत कशी पाठवू? आत्ताच्या आत्ता नीट करा, नाहीतर उद्या काम कंपनीला!"

शोधलं. कॅलेंडरच्या जुन्या आवृत्तीत आठवडा सोमवारी सुरू व्हायचा आणि सोमवार म्हणजे शून्य. नव्या आवृत्तीत कुणा दीडशहाण्याने तो रविवारी सुरू केला होता! नोंदवणारी शून्य लिहायची सोमवार समजून, मेसेजवाली ते वाचायची रविवार म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! कॅलेंडरच्या त्या लायब्ररीच्या पानावर तक्रारीची चौकट होती. तिथे खरडलं, "नीट चाललेला आठवडा बदलताना अक्कल गहाण ठेवली होती का? तुमच्यासारख्याच्या हाती कीबोर्ड देणं हा गुन्हा आहे!" शिवाय दोष कुणाचा हे सगळ्यांना कळावं, म्हणून त्या पानाची लिंक मेहुणीला आणि साडूलाही पाठवली.

लगेच माझाच फोन किणकिणला. "तुमच्या लायब्ररीबद्दल एक तक्रार आली आहे."

माझ्या?

पान वर सरकवलं. लेखक म्हणून माझं नाव, तेही ठळक अक्षरांत. चार वर्षांपूर्वी ऑफिसात एका रिकाम्या दुपारी ही लायब्ररी मीच लिहिली होती आणि साफ विसरलो होतो. नव्या आवृत्तीखाली माझीच टीप होती, "आठवडा रविवारपासून केला. कुणाला काही फरक पडणार नाही."

एरवी माझं कुठलंच मत न पटणाऱ्या साडूचं उत्तर दोन मिनिटांत आलं.

"तक्रार वाचली. शब्दन्‌शब्द पटली."