कुसुममावशी खाली उतरणार नाही

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, इथल्या लेबर वीकेंडच्या शनिवारी, सकाळी चहाच्या वेळेला, माझ्या शेजारच्या कुसुममावशीवर अन्याय झाला. आमच्या हिमालय ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढून टाकण्यात आलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, कारण दिलं नाही. हेमंतने कुसुम यांना काढलं, अशी एक करड्या अक्षरांतली ओळ, आणि तिच्याखाली लगेच कुणाचा तरी प्रश्न: थर्मल कुठून घेतलेत?

त्या वेळी मावशी कुठे होती? वेलिंग्टनमधल्या आमच्या जॉन्सनव्हिल उपनगराच्या मागच्या टेकडीवर. ट्रेकची तयारी करत होती. तिच्या सॅकमध्ये कोलम तांदळाची अख्खी पिशवी होती.

हा तांदूळ समजून घेतल्याशिवाय मावशी समजणार नाही. रोज सकाळी ती सॅकमध्ये घरचा किराणा भरून टेकडी चढायची. स्वयंपाकाला लागेल तसा तांदूळ त्यातून काढायचा आणि जेवढं वजन कमी झालं तेवढी तूरडाळ भरायची. मावशीच्या घरी आपण जो भात खातो, तो कितीतरी वेळा टेकडी चढून आलेला असतो. "बाजारचा तांदूळ आयता असतो," ती म्हणते. "माझ्याकडचा कमावलेला आहे."

मावशी मूळची मिरजेची, पेशाने नर्स. मिरजेत होती, मग इथे वेलिंग्टनला येऊन निवृत्त होईपर्यंत वॉर्ड सांभाळला. वॉर्ड सुटला, वॉर्डची भाषा नाही सुटली. तिची जुनी गाडी कशी आहे? "पेशंट चालता आहे." सरकार कसं चाललंय? "सलाईनवर." माझा एखादा मित्र तिला पसंत पडला नाही, तर तो घराबाहेर पडायच्या आत मला ऐकू येतं, "याला डिस्चार्ज दे." मला ती नावाने हाक मारत नाही. भाडेकरूंच्या हक्कांसाठी मी पत्रकं वाटत फिरते, म्हणून मी पत्रकबाई.

आता अन्याय कुणी केला ते सांगते. हेमंत हा आमचा ट्रेकचा संयोजक. आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं जग एक प्रोजेक्ट दिसतं आणि त्यात मावशी ही रिस्क दिसली. पासष्टी ओलांडलेली बाई, एकटी राहते, आणि ट्रेक कित्येक आठवड्यांचा, नेपाळच्या पश्चिमेकडच्या अशा गावांतून जिथे गाडीरस्ता जात नाही. बरं, हेमंतला हे एकट्याला सुचलं नव्हतं. त्याला ऑकलंडहून फोन आला होता. तिथल्या अल्बनी भागात मावशीचा मुलगा निखिल राहतो. नवं घर, मागे आईसाठी वेगळी खोली, खोलीला वेगळं बाथरूम. आईने जॉन्सनव्हिलचं घर विकून तिकडे यावं असं त्याने ठरवलं होतं. ठरवलं होतं, हा शब्द लक्षात ठेवा. दोन शिकलेल्या पुरुषांनी फोनवर बोलून एका बाईचं ट्रेकचं नाव काढलं आणि राहायचं गावही ठरवलं. ती बाई त्या वेळी त्या दोघांना खांद्यावर घेऊन टेकडी चढली असती.

मी तासाभरात पत्रक काढलं. 'कुसुममावशीला परत घ्या!' वर तिचा फोटो. जॉन्सनव्हिलच्या डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, काचेवर लावलं, लायब्ररीच्या फळ्यावर लावलं. संध्याकाळी मावशी एक पत्रक हातात घेऊन माझ्या दारात.

"हा फोटो कुठला?"

"दिवाळीचा. का?"

"यात माझी हनुवटी दोन दिसतेय. डोंगर चढणारी बाई वाटते का ही? फराळ चढलेली वाटते."

"मावशी, मुद्दा अन्यायाचा आहे!"

"अन्यायाला चांगला फोटो लावायचा असतो गं, पत्रकबाई."

मग तिने तिच्या पद्धतीने आंदोलन केलं. हेमंतला फोन केला आणि गोड आवाजात म्हणाली, "हेमंता, तुझं म्हणणं मला पटेल. पण फोनवर नको. उद्या सकाळी टेकडीच्या माथ्यावर ये, तिथे बोलू." हेमंत आला. म्हणजे बऱ्याच उशिराने पोहोचला. मावशी माझ्यासोबत थर्मास उघडून बसली होती, चहा पिऊन झाला होता. तिने त्याला बोलू दिलं नाही, धाप लागून त्याला बोलताही येत नव्हतं. तिने त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पेशंटला पाणी दे." मग त्याला म्हणाली, "आणि माझं नाव परत घाल."

नाव परत घातलं गेलं. पण निखिलने फोनवर अट टाकली, स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकली. "आई, तू हट्टाने जातेयस ना, जा. पण अर्ध्यातून परत यावं लागलं, तर मग अल्बनी. घर विकायचं. पुन्हा वाद नाही."

मावशी म्हणाली, "कबूल." आणि फोन ठेवून सॅकमध्ये आणखी डाळ भरली.

आम्ही यंदा एप्रिलमध्ये निघालो. आमचा वाटाड्या कर्मा, हसरा, कमी बोलणारा माणूस. आमच्याशी हिंदीत बोलायचा. मावशी त्याच्याशी मराठीतच बोलायची आणि त्याला कळायचं. भात म्हणजे भात, दूध म्हणजे दूध, अडलंय कुठे? वाटेत समोरून येणाऱ्या खेचरालाही ती 'किआ ओरा', म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणायची. पहिल्या आठवड्यातच कर्मा तिच्याकडून शिकलेलं न्यूझीलंडी 'झकास' प्रत्येक चढ संपल्यावर ओरडायला लागला, "स्वीट ॲज, मावशीजी!" चालताना ती कायम पुढच्या तिघांचौघांत. मागे राहिलेल्यांना वरून हाका, "अहो बँकवाले, डोंगर रविवारी बंद नसतो!" गावातली माणसं विचारायची, ही कोण? मी छाती पुढे काढून सांगायचे, आमची मावशी. न्यूझीलंडची आहे. मिरजेची आहे. दोन्ही सांगायचे.

आता तिची एक खोड. न्यूझीलंडच्या डोंगरांत ट्रॅम्पिंगवाल्यांसाठी, म्हणजे ट्रेक करणाऱ्यांसाठी, मुक्कामाच्या झोपड्या असतात, त्यांना हट म्हणतात. तिथला अलिखित नियम असा, की निघताना हट झाडायची, भांडी घासायची, पुढच्यांसाठी लाकडं फोडून ठेवायची. मावशीने या नियमाचा धर्म केलाय. त्यात मिरजेचं वळण: सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय आपण बसायचं नाही. हे दोन्ही एकत्र आले की काय होतं ते हिमालयात दिसलं. जिथे मुक्काम तिथे मावशी पहाटे उठून झाडणार, लाकडं फोडणार. जेवताना पळी हातात घेऊन सगळ्यांना वाढत फिरणार. "हेमंता, घे रे. पत्रकबाई, बटाटा घे." आम्ही पोटभर जेवायचो. मावशी शेवटी, गार झालेलं, भांड्याच्या तळाला उरलं असेल ते. नाही उरलं तर चहा.

मोठ्या खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावात आम्ही एका घरात उतरलो. घरची बाई मावशीच्याच वयाची, कर्मा तिला आमा म्हणायचा, म्हणजे आई. रात्री मावशीने आमाच्या हातातली पळी घेतली आणि नेहमीसारखं सगळ्यांना वाढलं. सकाळी आमा उठून बघते तर चूल सारवलेली, भांडी राखेने लखलखीत, आणि अंगणात मावशी कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडतेय. आमाने येऊन कुऱ्हाड काढून घेतली. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"दमली असेल बिचारी," मावशी म्हणाली. "आता आराम करेल."

कर्माने कपाळाला हात लावला. "मावशीजी, गडबड झाली. पाहुण्या बाईने चूल झाडली, लाकडं फोडली. आता गाव म्हणेल या घराला बाईच नाही. आमा म्हणते, माझ्या घरात मला नोकर केलं, नाहीतर तुम्हाला केलं. दोन्ही वाईट."

मावशीचा चेहरा उतरला. माफी मागायला ती आत निघाली, दोन पावलं टाकली आणि लाकडांच्या ढिगावर मटकन बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हेमंत धावत आला. आता त्याच्या आवाजात संयोजक नव्हता, खरी काळजी होती. "काकू, बस झालं. उद्या कर्माचा माणूस तुम्हाला खाली नेईल."

खाली. म्हणजे अल्बनी. मावशीने माझ्याकडे बघितलं. तिने माझी ओढणी धरली.

कर्माने विचारलं, "काल काय खाल्लं मावशीजींनी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काल आपण काय खाल्लं ते प्रत्येकाला पाठ होतं.

कर्माने हे आमाला सांगितलं. मग ती उठली. रागातच होती. तिने मावशीला मनगटाला धरून आत नेलं, चुलीशेजारी बसवलं आणि बाकीच्यांना हाताने हाकललं. मला राहू दिलं, कारण मावशीने माझी ओढणी धरून ठेवली होती. आमाने ताट मांडलं. कुट्टू या डोंगरी धान्याची जाड भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, उकडलेले बटाटे, मिरचीचा ठेचा. आणि समोर मांडी घालून बसली. "खानुस." म्हणजे जेवा.

मावशी सवयीने उठायला लागली. "मी पाणी घेते गं—" आमाने खांदा दाबून खाली बसवली. पाणी स्वतः दिलं. मावशीने एक घास घेतला. दुसरा घेतला. आणि थांबली.

"काय झालं? मळमळतंय?" मी विचारलं.

"नाही गं. गरम आहे."

"मग?"

"गरम आहे." तिने मान खाली घातली. "निखिलचे बाबा गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच खाते. ताटसुद्धा घेत नाही. एकटीसाठी कशाला घासायचं? तुम्ही पोरं येता, मी वाढते, तुम्ही जाता."

ताट रिकामं होत आलं तशी आमाने आणखी भाकरी टाकली. मावशीने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "नको, नको, पुरे." आमाने ते हात बाजूला केले आणि वाढलंच. मावशी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नर्सबाईने ते बाहीने पुसलं नाही, येऊ दिलं.

"नको म्हटल्यावर वाढणारं माणूस हवं गं," ती म्हणाली. "नको म्हटल्यावर 'बरं' म्हणणारी खूप आहेत."

त्या घरी आम्ही एक जास्तीचा मुक्काम केला. मावशी नुसती बसली आणि जेवली. तिला ते कुठल्याही चढापेक्षा जड गेलं, पण तिने ते केलं. आमाचा राग गेला. दोघी उन्हात बसून बोलायच्या, एक मराठीत, एक तिच्या बोलीत, आणि मध्येच खो खो हसायच्या. कशाला ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मग आम्ही खिंडीला लागलो. मावशी स्वतःच्या पायांनी चढली, हळू, एकदाही न कुरकुरता. माथ्यावर वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. मी तिचा फोटो काढला. हनुवटी एकच आलीय. तो फोटो मी ज्याला भेटेन त्याला दाखवते. तुम्ही भेटलात तर तुम्हालाही दाखवेन.

मावशीला खाली कुणी उतरवलं नाही. पूर्ण ट्रेक करून वेलिंग्टनला उतरलो, तेव्हा निखिल विमानतळावर होता. आईला बघून त्याने आधी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग मिठी मारली. म्हणाला, "जिंकलीस. घर नाही विकायचं."

"घराचं झालं," मावशी म्हणाली. "आता माझी अट. महिन्यातून एकदा तू यायचं. त्या दिवशी मी ओट्याकडे फिरकणार नाही. तू करायचं आणि तू वाढायचं."

"आई, मला नूडल्सशिवाय काही येत नाही गं!"

"नूडल्स वाढ. पण आग्रह करून वाढ."

तो येतो. पहिल्यांदा आला तेव्हा नूडल्सचा गोळा झाला होता. मावशी टेबलाशी बसून जेवली, ताटात. मी खिडकीतून बघितलं, आणि भाडेकरूंच्या कितीतरी लढाया जिंकूनही जेवढं वाटलं नव्हतं तेवढं मला भारी वाटलं.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात, शेजारात, फोनच्या पलीकडे अशी एक बाई आहे. नाही म्हणू नका. ती कुठे राहणार, काय चढणार, हे तिच्या मागे ठरवणं आज बंद करा. तिच्या घरी जा. पळी तिच्या हातातून काढून घ्या, तिला बसवा, ताटात गरम वाढा. ती नको म्हणेल. तरी वाढा, आणि तिचं जेवण होईपर्यंत समोरून उठू नका.