गोल शिक्का

आमच्या भामरे सरांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते तो आधी वाचत नाहीत. आधी खाली उजव्या कोपऱ्यात बघतात. तिथे गोल शिक्का असेल तर चष्मा सरकवून वाचायला लागतात, नसेल तर कागद परत. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी अशीच खालून वर वाचली होती. "छान आहे," म्हणाले, "पण जबाबदारी कुणाची, ते कळत नाही."

सर नाशिकच्या आमच्या कॉलेजात जनसंवाद शिकवतात. मीही तेच शिकवते आणि आमची टेबलं एकमेकांना चिकटून आहेत. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना इंटर्नशिप असते. कुठेतरी एकशे वीस तास काम करायचं, तिथलं प्रमाणपत्र आणायचं, की चार क्रेडिट. ती मिळाली नाहीत तर निकाल अडकतो. आणि ह्या सगळ्या प्रकाराचे समन्वयक कोण, तर भामरे सर. म्हणजे बघा.

"चौकोनी शिक्का टपालाचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "टपाल आलं, एवढंच त्यात कळतं. माणूस आला होता की नाही, ते गोलात कळतं." नियमात नुसतं 'शिक्का' एवढंच आहे, गोल ही सरांची भर. एका पोराने जाहिरात कंपनीचं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आणलं, तर सरांनी ते उन्हात धरलं, नखाने खरवडलं आणि म्हणाले, "हा छापलेला आहे. उठवून आण." पोरगं द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून पुन्हा गेलं नि आलं. पोरं पाठीमागे त्यांना 'शिक्कामोर्तब' म्हणतात. चहाच्या ग्लासाचं ओलं वर्तुळ वहीवर उमटलं की मीही म्हणायची, "घ्या सर, मंजूर." सर हसायचे नाहीत.

यंदा मात्र माझंही हसू पळालं.

अश्विनी आमची विद्यार्थिनी, नांदगावची. सुट्टीत तिच्या आईचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे नाशकात राहून कुठे काम करणं जमेना. तिने मला फोन केला. "मॅडम, आमच्याकडं रज्जाकचाचांची भोंग्याची रिक्षा हे. उद्या पाणी येणार नाय, पोलिओचा डोस कुठं देणार, कुणाचं पोरगं हरवलं, सगळं तेच सांगत फिरतात. चाचा म्हणतात, मजकूर तू लिही, आवाज पण तूच दे. इंटर्नशिप म्हणून चालंल का?"

मी कांदे चिरत होते. "चालेल की," म्हणाले. त्या दोन शब्दांनी पुढे माझी झोप उडवली.

पोरीने एकशे वीस तास इमानदारीने भरले. प्रमाणपत्र म्हणून आणलं ते वहीचं फाडलेलं पान. त्यावर चाचांनी निळ्या पेनाने लिहिलेलं, 'अश्विनी हिने आमच्या गाडीवर काम केले. तिचा आवाज लांब जातो.' खाली सही. शिक्का नाही, ना गोल ना चौकोनी. त्या दिवशी बुधवार होता आणि शनिवारी पाच वाजता क्रेडिट भरायचं पोर्टल बंद होणार होतं.

सरांनी खाली बघितलं आणि कागद परत केला.

अश्विनी रडली असती तर बरं झालं असतं. "निकाल अडकला तर घरचे पुन्हा पाठवायचे नाय, मॅडम," एवढंच बोलली. चूक माझी आणि भोगणार ती.

गुरुवारी मी सरांशी भांडले. "सर, अख्खं गाव तिचं ऐकतं. जनसंवाद म्हणजे आणखी काय असतं? तुमच्या त्या शाईच्या टिकलीपायी पोरीचं वर्ष घालवणार तुम्ही?"

सर डबा खात होते. "मी सोडीन हो," म्हणाले, "पण पुढे कुणीतरी धरणारच. तेव्हा सोडायला मी नसेन." आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला. मला तो शुद्ध खडूसपणा वाटला. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

शुक्रवारी दुपारी बघते तर सर फोनवर. "तुमच्या गाडीवर नाव काय लिहिलंय? रज्जाक साउंड सर्व्हिस? बरं. ह्या नावाचा शिक्का करून आणू का?" चाचांना भोंग्याची सवय, त्यांचं बोलणं माझ्या टेबलापर्यंत येत होतं. "करा की सर. गोल करा, चौकोनी करा, आपल्याला काय. फक्त त्यात नांदगाव टाका."

संध्याकाळी सर द्वारकेहून शिक्का करून आले. जांभळी शाई. कोऱ्या कागदावर एकदा उठवला, दोनदा उठवला, तिरका येतो म्हणून पुन्हा उठवला. मी घरी निघाले तरी त्यांचं चालूच होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने ते अश्विनीकडचं पान घेऊन स्वतः नांदगावला गेले. शिक्का ज्याचा, त्याच्याच हाताने उठला पाहिजे, हा आणखी एक नियम. एक वाजला, तीन वाजले. सरांचा फोन लागेना. मी पोर्टल उघडून बसलेली, समोर अश्विनी नखं कुरतडतेय. "गाडी लेट असंल का?" तिने विचारलं. मला काय माहीत. मी उगाच उठून पाणी प्यायले.

पाचला वीस कमी असताना सर आले. घामाने निथळत होते. "द्वारकेला अडकलो," म्हणाले आणि फायलीतून तेच वहीचं पान काढलं. खाली उजव्या कोपऱ्यात गोल शिक्का, जरा तिरका. कागद पोर्टलवर चढला तेव्हा पाचला सात कमी होते.

"दोन गल्ल्या फिरलो रिक्षात," सर अश्विनीला म्हणाले. "तुझंच रेकॉर्डिंग लावलं होतं. बायका नळ सोडून दारात येतात. खरं शे, लांब जातो आवाज." सरांच्या तोंडून सटाण्याकडची अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. अश्विनी पाया पडायला वाकली तर म्हणाले, "आधी चाचांना फोन कर. ते काळजीत आहेत." ती फोन करायला बाहेर गेली.

"सर, माझं चुकलं," मी म्हणाले. "पण तुम्ही एवढं कशाला केलंत?"

त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडून एक पिवळा कागद काढला. लॅमिनेट केलेला. सटाण्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी हाताने लिहिलं होतं, 'भामरे यांनी आमच्याकडे पाच वर्षे बातमीदारी केली. मनापासून केली.' खाली सही. शिक्का नाही.

"इथे लागताना ही पाच वर्षं धरली नाहीत," सर म्हणाले. "मग अकरा वर्षं तासिकेवर काढली, कायम झालो ते केस पिकल्यावर. संपादकांना शिक्का करून घ्या म्हणायचं मला सुचलंच नाही. वाटलं, सही आहे की. पुन्हा गेलो तोवर ते वारले होते."

मी कागद हातात घेतला आणि सरांच्याच सवयीने आधी खाली बघितलं. उजव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकवर, जांभळट डाग होता. पुसलेला, तरी गोल होता हे कळत होतं. सरांच्या हातातला रुमालही जांभळा झालेला.

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि खणात ठेवला.

"काल तुम्ही गेल्यावर उगाच उठवून बघितला," म्हणाले. "प्लॅस्टिकवर शाई धरत नाही."